बारशासाठी पहिली गोधडी

पहिलीच गोधडी बाळासाठी करते आहेस, तर मोठ्या मापाच्या नादी लागू नकोस. साधारण ३६ इंच चौरस पुरे. आत आजीचं जुनं सुती लुगडं घाल. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताची सर नव्या कापडाला येत नाही. वरच्या तुकड्यांसाठी नवं कापड घेतलंस तर आधी धू, ते आटतं आणि गडद रंग उतरतो. जर, टिकल्या, सिंथेटिक साडी बाळाच्या अंगाला नकोच.

खरी मेहनत थर बसवण्यात आहे. अस्तर जमिनीवर ताणून अंथर, एकेक थर हाताने सपाट कर आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाल. हे टाळलंस की मधे चुण्या पडतात, त्या मागाहून निघत नाहीत. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात आत आत जा. टाका सगळ्या थरांतून गेला का, ते उलटून बघत राहा. दोरा हातभरच घे, लांब दोऱ्याला गाठी पडतात.

कडेला त्याच लुगड्याचा काठ लाव. घरची माणसं तो लगेच ओळखतात, मला तर गोधडीत तेच सगळ्यात आवडतं. बारशाला महिनाभर असतानाच बसायला घे.