जामीन झाला, पण पोरगा अजून आतच (वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही कळव्याला राहतो. माझ्या भाच्याचं बाईक चोरीच्या केसमध्ये नाव आलं, पहिलीच केस आहे त्याच्यावर, कोर्टाने जामीन दिला पण 25 हजारांचा जामीनदार मागितला आणि तो कुणी मिळेना म्हणून पोरगा दिवाळीपासून ठाणे जेलमध्येच आहे. आणि आमच्याच भागातल्या एका बड्या माणसाच्या मुलाने घोडबंदर रोडला गाडीखाली माणूस मारला, तो मात्र त्याच रात्री पोलीस स्टेशनातूनच घरी आला. कायदा सगळ्यांना सारखा म्हणतात तो हाच का?
– एक आत्या, कळवा

उत्तर: ताई, तुमचा राग मला पूर्ण पटतो, पण तो नेमका कुठे काढायचा ते आधी बघू, नाहीतर भाच्याच्या पदरात काहीच पडणार नाही.

त्या मुलाला रात्रीच सोडलं त्यात ओळख किती चालली ते मी इथून सांगू शकत नाही, पण कलम बघा. हयगयीने कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लागतं, शिक्षा 5 वर्षांपर्यंत, तरी ते जामीनपात्र, म्हणजे पोलीसच जामीन देतात, चालवणारा बिल्डरचा मुलगा असो की टेम्पोवाला. चोरीचं 303(2), शिक्षा 3 वर्षांपर्यंत, आणि ते अजामीनपात्र! माणूस गेला तर स्टेशनात जामीन आणि बाईक गेली तर कोर्टाच्या चकरा, हे मला आजही पटत नाही, कारण चोरीच्या केसमध्ये कोणाची पोरं अडकतात ते आपण सगळे बघतोच.

ओळख असेल तर ती खरी तपासात कामाला येते. पुण्यात मे 2024 ला पोर्शे गाडीने दोघं गेले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र चिडला, ते बरोबरच होतं, पण मला जास्त भीतीदायक वाटलं ते ससून हॉस्पिटलमध्ये त्या मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली ते. निबंधाची ऑर्डर बदलता आली, रक्त एकदा कचऱ्यात गेलं की परत कुठून आणणार? म्हणून त्या मेलेल्या माणसाच्या घरचे तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना सांगा, एफआयआरची कॉपी घ्या, आणि सीसीटीव्ही फुटेज आणि ड्रायव्हरची मेडिकल जपून ठेवा असा लेखी अर्ज पोलीस आयुक्तालयात लगेच द्या, फुटेज काही दिवसांत पुसलं जातं.

आता जामिनाचं. नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्या तळोजा जेलमध्ये काय झालं ते मी विसरू शकत नाही. टीव्ही पत्रकार अर्णब गोस्वामींना 4 तारखेला अटक झाली, 11 ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम जामीन दिला आणि त्याच संध्याकाळी ते तळोज्यातून बाहेर आले. नंतरच्या निकालात कोर्टाने लिहिलं की स्वातंत्र्य एक दिवस जरी हिरावलं गेलं तरी तो एक दिवस जास्तच आहे. त्याच महिन्यात त्याच जेलमध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटकेत असलेले, आदिवासींसाठी काम करणारे 83 वर्षांचे फादर स्टॅन स्वामी पार्किन्सन्समुळे पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागत होते, आणि एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) त्यावर उत्तर द्यायला 20 दिवस मागितले. 5 जुलै 2021 ला ते जामिनाची वाट बघतच गेले. यूएपीएमध्ये जामीन फार कडक असतो हे मान्य, पण स्ट्रॉच्या आड कुठलं कलम येत होतं?

गोस्वामींना लवकर जामीन मिळाला यात मला काही चूक दिसत नाही, तो मिळायलाच हवा होता. पण 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत, म्हणजे दर चारातले तीन, आणि त्यांच्या एकेका दिवसाचा हिशोब कोण ठेवतंय? मोठ्याचा जामीन अडवून तुमचा भाचा सुटणार नाही, त्याच्या नावाने कुणीतरी अर्ज करावा लागेल.

तो असा करा. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय की जामीन होऊन 7 दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (फुकट वकील देणारं सरकारी ऑफिस) सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. तुम्ही जामिनाच्या ऑर्डरची कॉपी आणि केस नंबर घेऊन कोर्ट नाक्याला प्राधिकरणाच्या ऑफिसात जा, किंवा 15100 ला फोन करा. जेलमधल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकिलाला पीआर बॉन्डसाठी (जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटका) किंवा रक्कम कमी करायला अर्ज टाकायला सांगा, आणि गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते, तेही विचारा. पहिलीच केस असेल तर नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या (बीएनएसएस) कलम 479 प्रमाणे जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश, म्हणजे चोरीत एक वर्ष झालं की बॉन्डवर सोडायची तरतूद आहे, पण तोपर्यंत थांबू नका. आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार उभा करून देणाऱ्यांच्या नादाला अजिबात लागू नका, कागद बोगस निघाले तर जामीनही जाईल आणि नवी केस लागेल.

प्रश्न: जामीनदार ठाणे जिल्ह्यातलाच पाहिजे असं आम्हाला तोंडी सांगितलं. आमची जमीन, नातेवाईक सगळं जालन्याला. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: असा कायदा नाही. मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मध्य प्रदेशात 10,000 चा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि 1,000 च्या स्वतःच्या बॉन्डवर सोडायला सांगितलं. जालन्याचा सातबारा, आधार, रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला जोडून वकिलामार्फत लेखी अर्ज द्या, पडताळणीला वेळ लागतो म्हणून तोपर्यंत कॅश बेलवर, म्हणजे रोख रक्कम भरून घेऊन, सोडा अशी विनंती त्याच अर्जात टाका. नाकारलं तर लेखी ऑर्डर मागा, ती घेऊन सेशन्सला जाता येतं.