मनोरंजनाचं पान सांभाळायला घेतोयस, तर

इंदूरात बसून मुंबईच्या सिनेमाचं पान काढायचं म्हणजे निम्मं पान पीआरवाल्यांच्या मेलवरच भरेल, हे आधीच सांगून ठेवतो. ते मेल जसेच्या तसे लावू नकोस. ‘बहुप्रतीक्षित’, ‘धमाकेदार’ वगैरे आधी उडव. उरलं त्यात बातमी असेल तर दिसेलच.

कमाईचा आकडा आला की पहिला प्रश्न, ग्रॉस की नेट? ग्रॉसमध्ये तिकिटावरचा जीएसटी धरलेला असतो, नेटमध्ये नसतो. एकाचा ग्रॉस नि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवून ‘मागे टाकलं’ असा मथळा ठोकणारे महाभाग कमी नाहीत. आकडा निर्मात्यानं दिलेला असेल तर तसं लिही.

निधनाच्या बातमीत घाई अजिबात नको. घरच्यांकडून किंवा हॉस्पिटलकडून पक्कं होईस्तोवर थांब, मग व्हॉट्सॲपवर कितीही श्रद्धांजल्या फिरोत. तयारी मात्र आधीच हवी : ज्येष्ठ कलावंतांची टिपणं, तारखा, फोटो, तेही हक्क तपासलेले. लताबाईंचा जन्म इथलाच, 28 सप्टेंबर 1929. किशोरकुमार खंडव्याचे, 4 ऑगस्ट 1929. इथल्या वाचकाला या तारखा पाठ असतात, चुकलास तर सकाळी चहाच्या आधी फोन येतो.

आणि सानंदचं, म्हणजे इथल्या मराठी नाट्यरसिकांच्या संस्थेचं, नाटक असेल त्या संध्याकाळी डेस्कवर बसून राहू नकोस. मध्यंतरात काका-काकू काय बोलतात ते ऐक. नटाची मुलाखत काय, दुसऱ्या दिवशी फोनवरही होते.