कोथिंबीर उगवत नाही म्हणता? आधी धने फोडा

पहिल्यांदाच लावताय, तर एवढंच सांभाळा. धने अख्खे पेरू नका. एका धन्यात दोन बिया असतात, म्हणून चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा. पीठ नको! मग रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. वाण्याकडचे धनेही चालतात, पण जुनाट, भाजलेले नकोत.

आपल्या सोलापूरची काळी माती कुंडीत नुसती भरली की पाणी धरून ठेवते, वर पापडी धरते आणि कोंब खालीच अडतो. तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळा. बी अर्धा इंच खोल.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- चौथ्या दिवशीच माती उकरून बघणं. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, धीर धरा.
- रोप उपटून दुसरीकडे लावणं. सोटमूळ दुखावतं, रोप मान टाकतं.
- एप्रिल-मेमध्ये पेरणं. ४० अंशांच्या उन्हात पानांऐवजी फुलंच येतात (मीही दोन उन्हाळे हाच हट्ट केला होता).

ऑक्टोबर ते जानेवारी हा खरा हंगाम. दर १५ दिवसांनी मूठभर पेरत राहा. खतं-औषधांचं नंतर बघू.