घोडा ओव्हनमध्ये, स्वार बाहेर

प्रश्न: ताई, माझ्याकडे एक सहा इंची परदेशी योद्धा आहे, सगळे सांधे हलणारी प्लास्टिकची अ‍ॅक्शन फिगर. त्याचा मला शिगम्यातला, म्हणजे आपल्या गोव्याच्या होळीच्या सणातला, घोडेमोडणीच्या नाचाचा स्वार करायचाय. पॉलिमर क्ले आणून ठेवलीय. एक मित्र म्हणतो, फिगरवर चढव आणि फिगरसकट ओटीजीत (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाज. दुसरा म्हणतो, वितळेल. कुणाचं ऐकू?
— कॉलेजचा विद्यार्थी, वाळपई

उत्तर: दुसऱ्याचं. पॉलिमर क्ले हवेत सुकत नाही, भाजावीच लागते, आणि पाकिटावरचं तापमान बहुतेक ११० ते १३० अंश सेल्सिअस असतं. तुझा योद्धा बहुधा पीव्हीसी आणि एबीएस या दोन प्लास्टिकांचा असणार. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास लुळं पडायला लागतं, एबीएस १००च्या थोडं पुढे. क्ले पक्की होईस्तोवर तुझा स्वार गुडघ्यात बसलेला असेल. गंमत म्हणजे क्लेसुद्धा पीव्हीसीचीच बारीक पूड, मऊ ठेवणाऱ्या एका तेलकट द्रव्यात मळलेली. तेच द्रव्य कच्च्या क्लेतून काही कडक प्लास्टिकांत उतरून त्यांना चिकट करतं. तेव्हा कच्ची क्ले फिगरवर लावून रात्रभर विसरू नकोस.

पण तू विषय छान निवडलायस. घोडेमोडणीत घोडा मुळातच स्वाराच्या कमरेला बांधलेला असतो, म्हणजे तो वेगळा करून वेगळा भाजता येतो. तारेचा सांगाडा कर, घोड्याची मान आणि मागचा भाग येतो तिथे अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून दाबून बसव आणि त्यावर पाचेक मिलीमीटरचा क्लेचा थर दे. आतून फॉइलने भरलं की क्ले कमी लागते आणि सगळीकडे सारखी भाजली जाते. कमरेचं कडं मात्र अखंड केलंस तर ते वर चढणार नाही. एक तर दोन तुकड्यांत कर, नाही तर फिगरचं धड कमरेतून सोडव: गरम पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरलं की सांधा सैल होतो, मग सरळ ओढायचं. पिळायचं नाही, खुंटी मोडते.

पगडीसाठी डोकं फॉइलमध्ये घट्ट गुंडाळ, वर क्लेची पगडी बांध, अलगद उतरवून भाज, मग चिकटव. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो तो घे. वर फॉइलचं झाकण ठेव, खिडकी उघडी ठेव. क्ले करपली तर निघणारा धूर चांगला नाही.

मापाचं सोपं आहे. सहा इंची फिगर म्हणजे साधारण एकास बारा: खऱ्या माणसाचा एक फूट, इथे एक इंच. अडीच फुटी तलवार अडीच इंचांची. नवशिके इथेच घसरतात, पगडीवरच्या माळेतली फुलं वाटाण्याएवढी करतात. अबोलीचं फूल या मापात जेमतेम दोन मिलीमीटरचं, मोहरीएवढं. केशरी क्लेच्या तेवढ्या गोळ्या कर, सुईच्या टोकाने प्रत्येकीला मधोमध एक खाच दे, आणि पगडीवर कच्च्या असतानाच एकीला एक टेकवून लाव. वेळ जाईल, पण लांबून माळ म्हणून वाचली जाईल ती हीच.

रंगाआधी फिगर भांड्याच्या साबणाने धू. कारखान्यातून साच्याचं तेल अंगाला लागून येतं, त्यावर रंग धरत नाही. चिकटवणं रंगाच्या आधी, कारण फेवीक्विक शेजारच्या रंगावर पांढरट थर धरतं. अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात मार. एक जाड हात नाकडोळे बुजवतो. खांदे, कोपर, गुडघे जिथे आतून घासतात तिथे आधी पॉलिश पेपरने हलकं घासून जागा कर, नाही तर पहिल्याच नाचात रंग सोलून येईल. डोळ्यांना शुद्ध पांढरा नको, स्वार दचकल्यासारखा दिसतो. आमच्या चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतो तिथे, डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती करणाऱ्याशी तेव्हा कुणी बोलत नाही. तूही दार लावून घे.

प्रश्न: मुलाने मऊ रबरी फिगरला घरातला ऑइलपेंट लावला. दोन महिने झाले, अजून बोटाला चिकटतोय. पावसामुळे का?
— आई, मडगाव

उत्तर: पावसाने उशीर होतो, पण दोन महिने नाही. मऊ पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य रंगात शिरतं आणि तो कधीच पुरता वाळत नाही. उन्हात ठेवू नका, उपयोग नाही. रंग काढायलाच हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, आधी तळपायाला लावून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर नकोच, त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस खातं. मग ब्रशने प्रायमर, म्हणजे रंग धरण्यासाठीचा पहिला हात, वर अ‍ॅक्रिलिक. स्प्रे आषाढ-श्रावणात आपल्याकडे टाळाच, दमट हवेत तो पांढुरका पडतो. आणि धाकटं भावंड तोंडात घालणारं असेल तर रंगवलेली फिगर त्याच्या हाती नको.

प्रश्न: पॉलिमर क्ले महाग पडते. गणपतीची चिकणमाती चालेल?
— वाचक, डिचोली

उत्तर: प्लास्टिकवर नाही. माती वाळताना आकसते, प्लास्टिक आकसत नाही, मग तडे जाऊन कपचे सुटतात. स्वस्तात करायचं तर एम-सील घ्या. दोन भाग सारखे घेऊन, हातमोजे घालून, एकच रंग दिसेपर्यंत मळायचे. भाजायला लागत नाही, म्हणून थेट फिगरवर चालतं. हाताशी वेळ थोडाच असतो, तेव्हा एका वेळी सुपारीएवढंच मळा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा, आणि रात्रभर पक्कं झाल्यावरच घासा.