भाड्यातून हप्ता फिटेल का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बचतीचे १० लाख रुपये हाती आहेत. लातुरात शिकवणीवर्गांच्या परिसरात ३२ लाखांचा टू बीएचके फ्लॅट पाहिला असून, २२ लाखांचे कर्ज काढून विद्यार्थ्यांच्या भाड्यातून हप्ते फेडावेत, असा विचार आहे. महिना ९,००० रुपये भाडे सहज मिळेल, असे बिल्डर सांगतात. फ्लॅट घ्यावा का?
– एक वाचक, औसा

उत्तर : भाड्यातून हप्ता फिटेल ही आशा आधी सोडावी. २२ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे १९,८०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे बिल्डरचा आकडा खरा धरला, तरी निम्म्याहून अधिक रक्कम आपल्या पगारातूनच जाणार. त्यातही हे भाडे बारा महिने येईलच असे नाही. लातुरातील या भागाचे भाडेकरू म्हणजे बहुधा नीटची तयारी करणारी मुले आणि त्यांना डबा करून घालायला गावाकडून आलेली आई किंवा आजी. मे महिन्यात परीक्षा झाली की बिऱ्हाड उठते आणि नवी तुकडी येईपर्यंत घराला कुलूप राहते. दहा महिन्यांचे ९०,००० धरून त्यातून मालमत्ता कर, देखभाल आणि रंगकामाचे २०,००० वजा केले, तर उरलेले ७०,००० म्हणजे ३२ लाखांवर जेमतेम सव्वादोन टक्के. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च याच १० लाखांतून करावा लागेल. खरेदीखत आपल्या एकटीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती सोडू नये.

पाण्याची चौकशी मात्र बिल्डरकडे न करता वॉचमनकडे करावी. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे भाडेकरू टाइल्सआधी नळ पाहतो. उन्हाळ्यात एखाद्या दुपारी जाऊन दोन-तीन बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरात डोकावावे. ओट्याखाली निळे ड्रम भरून ठेवलेले दिसले, तर बोअर आटतो आणि टँकरची वर्गणी निघते, हे न विचारताच कळेल.

कागदपत्रांत अकृषिक आदेश (शेतजमीन बांधकामासाठी वापरण्याची परवानगी), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), प्रकल्प नवा असल्यास महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडील नोंदणीचा क्रमांक आणि वकिलाकडून मालकीच्या मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल, एवढे हाती आल्याशिवाय इसार देऊ नये. भाडेकरू ठेवताना नोटरी केलेल्या ११ महिन्यांच्या बॉण्डवर भागवण्याची आपल्याकडची रीत सोडावी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकावरच आहे. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असल्यास करार पालकाच्या नावे करावा.

भाड्याचे उरलेले ७०,००० बारा महिन्यांवर वाटले, तर हप्त्यासाठी दरमहा सुमारे १४,००० रुपये कमी पडतात. आमच्या मते, तेवढे पदरचे घालण्याची तयारी नसेल, तर हा फ्लॅट घेऊ नये. त्याऐवजी निम्म्या किमतीचा, आधीपासून बिऱ्हाड राहत असलेला जुना वन बीएचके शोधावा आणि त्या बिऱ्हाडाला मागील वर्षी प्रत्यक्ष किती भाडे दिले, ते विचारावे.