रात्रपाळी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपोलर (मन कधी अति चढण्याचा, कधी अति खचण्याचा आजार) आहे, त्यासाठी लिथियमची गोळी चालू आहे. गेल्या गणपतीत तो मंडळाच्या मंडपात रात्र-रात्र जागला आणि विसर्जनानंतर पुन्हा मॅनिया, म्हणजे मन अति चढण्याचा झटका, आला. आता मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळतेय, पण रात्रपाळीची. आई म्हणते, दिवसा आठ तास झोपला की झालं. काय करावं?
– एक ताई, लालबाग

उत्तर : ताई, ही पाळी त्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईंचा हिशेब तासांचा आहे, शरीराचा वेळेचा असतो. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. ते २४ तासांहून किंचित लांब चालतं आणि रोजच्या उजेडाने जुळवून घेतं. अंधार पडला की मेलाटोनिन हे रात्रीची खूण देणारं संप्रेरक पाझरू लागतं. ट्यूबलाइट आणि मोबाइलचा उजेड त्याला अडवतो. बायपोलरमध्ये हे घड्याळ सहज ढळतं. मॅनियात झोप उडते, हे घरोघरी ठाऊक असतं. पण झोप मोडल्यामुळेही मॅनिया सुरू होऊ शकतो, हे फार कमी कुटुंबांपर्यंत पोहोचतं आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. मंडपातली जागरणं तुमच्या लक्षात राहिली, हे फार चांगलं झालं. यंदा त्याला सकाळच्या आरतीचं काम द्या.

लिथियमचा परिणाम पेशींतल्या या घड्याळावरही होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तरी गोळी चालू आहे म्हणून जागरण खपेल, असं समजू नका. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करायची नाही, हे तर आहेच.

सर्वांत आधी उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. जेवणाची वेळही शक्यतो ठरलेली असू द्या. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलेन फ्रँक यांनी दिनक्रमाच्या याच शिस्तीवर बायपोलरसाठी एक उपचारपद्धत उभी केली. चाळीतल्या एका खोलीत सगळ्यांनाच थोडी झळ सोसावी लागेल : दहानंतर ट्यूब बंद, मंद पिवळा दिवा, टीव्ही नाही. झोप अचानक चार-पाच तासांवर आली आणि तरी त्याला थकवा जाणवत नसेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

निर्णय मात्र त्याच्या पाठीमागे घेऊ नका. हे उत्तर त्यालाच वाचायला द्या. नोकरी त्याला हवीच असेल, तर कायम दिवसपाळी मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र घ्या आणि सही करण्याआधीच कंपनीशी बोलून घ्या. फिरती पाळीही नको. दर आठवड्याला वेळ बदलली, तर घड्याळ जुळायला सवडच मिळत नाही.