परीकथा, दंतकथा मुळात आल्या कुठून? आणि आजही त्या का टिकून आहेत?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की या सगळ्या कथा एकाच देशात तयार झाल्या आणि बाकीच्यांनी त्या उचलल्या का. ‘उचलल्या’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात याच शब्दावरून एक भांडण झालं होतं आणि माझ्यापुरतं ते अजून मिटलेलं नाही.

माझ्या आजीला लिहितावाचता येत नव्हतं. तिची एक गोष्ट होती. सात भावांची एक बहीण, भाऊ परगावी जातात, मागे वहिन्या तिला मारून पुरतात, त्या जागी झाड उगवतं आणि कोणी फूल तोडायला गेलं की झाड गाऊन सांगतं मला कोणी मारलं ते. सहा भाऊ गाणं ऐकतात पण त्यांना काही कळत नाही, धाकट्याला पहिल्याच ओळीला कळतं. आजी ते गाणं अगदी खालच्या आवाजात म्हणायची आणि मधेच थांबायची, आणि आम्ही पोरं एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेलो असायचो.

मी अकरावीत असताना दादा कॉलेजातून ग्रिम बंधूंच्या, म्हणजे लोककथा गोळा करणाऱ्या दोन जर्मन भावांच्या, कथांचं पुस्तक घेऊन आला. त्यात 28 नंबरला एक गोष्ट आहे, भाऊ भावाला मारून पुरतो, बऱ्याच वर्षांनी एका मेंढपाळाला हाड सापडतं, तो ते आपल्या शिंगाला तोंड म्हणून बसवतो, फुंकलं की हाड गायला लागतं आणि खून उघड होतो. दादा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आजी, तुझी गोष्ट जर्मन लोकांची आहे, कुठूनतरी उचललेली.’ आजी एवढंच म्हणाली, ‘असेल बाबा.’ त्यानंतर तिने ती गोष्ट कधी सांगितली नाही. मी मागे लागले तर म्हणायची, दादाला विचार, त्याच्या पुस्तकात आहे. मी तेव्हा गप्प बसले याचा मला अजून राग येतो.

दादा साफ चुकीचा होता हे मला नंतर वाचून कळलं. ही ‘बोलणाऱ्या हाडा’ची कथा युरोपात कुठे हाडाची बासरी, कुठे मेलेल्या बहिणीच्या केसांच्या तारा लावलेली वीणा अशी सापडते, आणि आपल्याकडच्या संथाळ आदिवासींकडे मेलेल्या बहिणीच्या जागी उगवलेल्या बांबूची सारंगी गाते. अभ्यासकांनी तिला 780 नंबर दिलाय, कारण आर्ने नावाच्या फिनिश माणसाने 1910 साली कथांचे प्रकार पाडून त्यांना नंबर द्यायला सुरुवात केली आणि पुढच्यांनी ती यादी वाढवत नेली. पण नंबर मिळाला म्हणजे मालक सापडला असं होत नाही.

आणि ज्या ग्रिमच्या पुस्तकावर दादाने एवढा भरवसा ठेवला त्या भावांनी तरी काय केलं, 1812 च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे, 1819 मध्ये ती सावत्र झाली. त्यांना गोष्टी सांगणाऱ्यांत शिकलेल्या घरच्या तरुण मुली होत्या, काहींची घराणी मूळची फ्रेंच. म्हणजे ‘शुद्ध जर्मन’ तिथेही नव्हतंच. उलट बाजूने बेन्फाय नावाच्या जर्मन पंडिताने 1859 मध्ये पंचतंत्राचा अनुवाद करताना मांडलं की युरोपातल्या बहुतेक परीकथा भारतातूनच गेल्या. आपल्याकडे हे ऐकून छाती फुगते. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, आणि आठव्या शतकात अरबीत गेलं आणि तिथून पुढे पसरलं हे खरं आहे, पण त्यावरून सगळ्याच कथा आपल्या म्हणणं हा दादाचाच हट्ट, फक्त उलट्या दिशेने.

2016 मध्ये दा सिल्वा आणि तेहरानी या दोन अभ्यासकांनी 275 जादूच्या कथा घेऊन भाषांच्या वंशावळीवर ताडून पाहिल्या. त्यांच्या मते लोहार आणि सैतानाची कथा इंडो-युरोपीय भाषा (संस्कृतपासून इंग्रजीपर्यंतचं एकच कुळ) फुटायच्या आधीची, हजारो वर्षं जुनी असू शकते. काही कथा घरातून वारशाने येतात, काही व्यापारी, सैनिक, लग्न होऊन गेलेल्या मुली यांच्याबरोबर फिरतात, काही दोन ठिकाणी आपापल्या सुचत असणार. आणि काही दंतकथांच्या मुळाशी खरंच घडलेलं असतं. अमेरिकेतले मूळ रहिवासी असलेले क्लामथ लोक सांगतात की पाताळाचा आणि आकाशाचा देव लढले आणि पर्वत आत कोसळला, आज तिथे क्रेटर लेक नावाचं तळं आहे. तो ज्वालामुखी फुटून खचला त्याला साधारण 7,700 वर्षं झाली.

टिकल्या का, तर माझं सरळ मत, ज्यांना घरात बोलता येत नाही त्यांच्यासाठी झाड बोलतं. आजीला हीच गोष्ट का आवडायची हे मला चाळिशीत कळलं. त्या घरात तिचं कोणी ऐकून घेत नव्हतं. विज्ञानाने अशा गोष्टींची गरज संपत नाही, तो प्रांतच वेगळा आहे. मुलांना ‘खोट्या गोष्टी’ नकोत म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की झाड बोलत नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, त्याला धाकट्या भावाने ऐकलं की नाही एवढंच हवं असतं.

तुमच्या घरात कोणी गोष्टी सांगणारं असेल तर मूळ शोधायच्या आधी फोनवर रेकॉर्ड करा, आवाजासकट, थांबण्यासकट. आणि ही गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे हे त्यांना सांगू नका, निदान गोष्ट चालू असताना तरी.

गेल्या वर्षी दादाचा फोन आला, नातीला ती गोष्ट सांगायचीय, झाडाचं गाणं काय होतं गं? मला पहिल्या दोन ओळी येतात. तिसरी दोघांनाही आठवली नाही.

हां, एक राहिलं, त्या 2016 च्या अभ्यासावर आक्षेप घेणारेही बरेच आहेत, तोंडी कथेचं वय असं मोजता येतं का यावरच वाद आहे, तेव्हा तो आकडा घेऊन कोणाशी भांडायला जाऊ नका.